अश्रुवेग, श्वासवेग आणि प्राणायाम : शोकग्रस्त रुग्णातील एक चिकित्साविचार

प्रास्ताविक

किनारपट्टीवर व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांकडे मनाची तक्रार घेऊन रुग्ण सहसा येत नाही. तो येतो छातीतील जडपणा, मान आखडणे, अन्नावर वासना नसणे, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन. मूळ दुःख तो दाराबाहेर चपलांबरोबर ठेवून येतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. प्रचंड वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. त्यानंतरच्या वर्षभरात अशा रुग्णांची रीघच लागली. टाळेबंदीमुळे शेजारी शेजाऱ्याकडे बसायलाही जाऊ शकत नव्हता, त्याचाही परिणाम होताच.

या रुग्णांना औषधाबरोबर प्राणायाम व चक्रध्यान शिकविण्याची प्रथा आता सार्वत्रिक झाली आहे, आणि ती योग्यही आहे. परंतु कोणत्या अवस्थेत काय शिकवावे, याचा विचार शास्त्राच्या अंगाने क्वचितच होतो. आम्हीही तो सुरुवातीस केला नव्हता व त्याचे फळ आमच्या रुग्णास भोगावे लागले. ती चूक आणि तिच्यातून झालेला बोध समव्यावसायिकांपुढे ठेवणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्राधार : धारणीय आणि अधारणीय

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा, 'नवेगान्धारणीय' अध्याय आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात वाचलेला आहे. त्यात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. मूत्र, पुरीष, क्षवथु, निद्रा यांच्या पंक्तीतच बाष्प म्हणजे अश्रू, आणि श्रमज निःश्वास म्हणजे श्रमाने वाढलेला श्वास, हे दोन वेग येतात. त्याच अध्यायात पुढे मनाचे धारणीय वेग सांगताना लोभ, भय, क्रोध, ईर्ष्या यांच्याबरोबर शोकाचाही उल्लेख येतो.

येथे क्षणभर थांबावे. एकाच अध्यायात आचार्य शोकाचा वेग धारण करावयास सांगतात आणि अश्रूंचा वेग अडवू नये असेही सांगतात. वरवर पाहता हा विरोध वाटतो. आमच्या मते या विषयाचे सारे मर्म येथेच आहे. अश्रू हा शरीराचा वेग होय. तो उत्पन्न झाला की त्याला वाट हवी. शोकाचा वेग हा मनाचा. 'आता काय उरले', 'मीच चुकलो', 'जगून काय करायचे' असे तेच ते विचार आणि त्यांतून घडू पाहणारी कृती, यांना आवर हवा. रुग्णाने रडावे, पण शोकाच्या भरात निर्णय घेऊ नये, असा या दोन आज्ञांचा एकत्रित अर्थ आम्ही घेतो. लोकव्यवहारात मात्र नेमके उलट घडते. माणूस अश्रू अडवितो आणि विचार मोकाट सोडतो. पुरुषांत तर हे विशेषच.

अष्टांगहृदयात बाष्पनिग्रहाची लक्षणे पीनस, नेत्र-शिर-हृदय यांच्या ठिकाणी शूल, मन्यास्तंभ, अरुची, भ्रम आणि गुल्म अशी दिली आहेत. श्रमश्वास अडविल्याने गुल्म, हृद्रोग आणि संमोह होतात. वर सांगितलेल्या रुग्णांच्या तक्रारी या यादीशी ताडून पाहाव्यात. बाष्पनिग्रहाची चिकित्सा म्हणून निद्रा, मद्य आणि प्रिय कथा ही त्रयी सांगितली आहे. यातील मद्याचा उपाय आजच्या काळी आपण सुचवू नये; किनाऱ्यावरील अनेक घरांत शोकाने सुरू झालेले मद्य पुढे स्वतंत्र व्याधी होऊन बसते. निद्रा आणि प्रिय माणसांचा संवाद हे दोन उपाय मात्र आजही अग्रक्रमाचे आहेत.

श्वासाचा मनाशी संबंध आयुर्वेदाला नवा नाही. प्राणवायू मूर्धास्थित असून उर व कंठ यांत संचार करतो. बुद्धी, हृदय, इंद्रिये व चित्त यांचे धारण आणि निःश्वास ही दोन्ही कर्मे त्याचीच. उदानाचे स्थान उर असून वाणी, प्रयत्न, ऊर्जा, बल व स्मृती ही त्याची कर्मे होत. शोकात कंठ दाटतो, शब्द फुटत नाही, प्रयत्न खुंटतो, मधूनच मोठा सुस्कारा येतो. ही प्राण-उदानाची दुष्टी ओळखली म्हणजे श्वसनाच्या उपायाची उपपत्ती आपोआप लागते.

आमच्या चुकीचे रुग्णवृत्त

ऑगस्ट २०२० मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील एक अठ्ठावन्न वर्षांचे बागायतदार आमच्याकडे आले. वडिलोपार्जित वाडीतील रोठा सुपारीची बहुतेक झाडे वादळात गेली होती. उरःशूल, मन्यास्तंभ, अरुची, अनिद्रा अशी लक्षणे होती. रक्तदाब व हृदयालेख आम्ही प्रथम तपासून घेतला. तो प्राकृत होता. वातशामक औषध देऊन आम्ही त्यांना नाडीशोधन शिकविले, तेही एकास चार व दोन या प्रमाणात, म्हणजे पूरकाच्या चौपट कुंभक व दुप्पट रेचक अशा रीतीने. जोडीला अनाहतचक्राचे ध्यान दिले. छातीतील दुःख विरघळत आहे अशी भावना करा, असे सांगितले.

आठ दिवसांनी ते परत आले तेव्हा अवस्था बिघडली होती. छातीत धडधड, हातापायांस घाम, पहाटे दचकून जाग. ते म्हणाले, "डॉक्टर, श्वास धरला की झाड पडताना दिसतं. आवाजासकट." बरोबर आलेल्या त्यांच्या पत्नीने हलकेच सांगितले, "वादळ झाल्यापासून ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं नाही. मुलांसमोर नको म्हणतात."

आमच्या ध्यानी चूक आली. ज्या माणसाने तीन महिने अश्रू धरून ठेवले होते त्याला आम्ही श्वासही धरावयास सांगितला होता. एका वेगाच्या धारणाने झालेल्या व्याधीवर दुसऱ्या वेगाचे धारण हे औषध म्हणून दिले होते. शिवाय ज्या उरःप्रदेशात सर्व पीडा साठली होती, तेथेच त्यांचे लक्ष दिवसातून दोनदा कोंडून ठेवले होते.

आम्ही कुंभक व ध्यान त्याच दिवशी बंद केले आणि तसे का करीत आहोत हे त्यांना मोकळेपणाने सांगितले. औषध बदलले नाही. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या वाडीत गेलो. कोणते झाड कोणी लावले, हे ते एकेका खोडाजवळ थांबून सांगत होते. आजोबांनी लावलेल्या पोफळीजवळ त्यांचा बांध फुटला. ते बराच वेळ रडले. रडण्यानंतर जो जलद श्वास चालतो तो आम्ही मोजला नाही, सावकाश करावयासही सांगितले नाही. तो आपोआप शांत होऊ दिला. त्या रात्री ते सहा तास झोपले, असे दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने कळविले.

त्यानंतर पुढे दिलेल्या क्रमाने आम्ही श्वसनाभ्यास सुरू केला. तीन महिन्यांत अन्नाची रुची आणि निद्रा सुधारली, उरःशूल गेला. चरकांनी उन्मादचिकित्सेत इष्ट वस्तूच्या नाशाने मन दुखावलेल्या रुग्णास तत्सदृश वस्तूची प्राप्ती, सांत्वन आणि आश्वासन हे उपाय सांगितले आहेत. हा रुग्ण उन्मादाचा नव्हता, तथापि तत्त्व लागू पडले. पावसाळा सरताना त्यांनी सुपारीची रोपे आणून लावली. उत्पन्न यावयास कित्येक वर्षे लागणार, हे त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक होते. जूनचा वारा सुटला की ते अस्वस्थ होतात. ते पूर्णपणे गेलेले नाही. पण आता ते तसे बोलून दाखवितात.

चक्रविचार : नकाशा आणि निदान

शिबिरांतून व दिनदर्शिकांतून जी चक्रांची रंगीत चित्रे मिळतात, त्यांत प्रत्येक चक्राला इंद्रधनुष्यातील एक रंग आणि एक भावना नेमून दिलेली असते. ही मांडणी प्राचीन आहे असे समजून आपल्यापैकी काहीजण तिच्यावरून निदानही करू लागले आहेत. म्हणून थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे.

पूर्णानंदांचा 'षट्चक्रनिरूपण' हा सोळाव्या शतकातील ग्रंथ. जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि तेथून षट्चक्रांची मांडणी जगभर गेली. त्यातील वर्ण इंद्रधनुष्याच्या क्रमाने येत नाहीत. तो क्रम अर्वाचीन आहे. भावना व चक्रे यांचा संबंध मात्र आपल्या भूमीत जुना आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला. त्यातील पिंडोत्पत्ति प्रकरणात चक्रांच्या एकेका दलाशी एकेक वृत्ती जोडलेली आहे. तेथे तृष्णा, ईर्ष्या, लज्जा, भय, मोह आणि विषाद या वृत्ती मणिपूरात आहेत. अनाहतात आशा, चिंता, अनुताप, कपट, अहंकार आणि विवेकही आहे. आजच्या चित्रांत शोक अनाहतात दाखवितात. शार्ङ्गदेवांच्या मांडणीत विषाद नाभीपाशी आहे. यावरून कोण खरा व कोण खोटा हे ठरवावयाचे नाही. चक्रे ही साधकाच्या ध्यानाची आलंबने आहेत, व्याधीची स्थाने दाखविणारे शरीररचनेचे नकाशे नव्हेत, एवढेच यावरून घ्यावयाचे.

शरीररचनेशी मेळ घालण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात मोठ्या गांभीर्याने झाला. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस नाडी असा पक्ष मांडला. तो पक्ष पुढे मान्य झाला नाही. परंतु संथ श्वसनाच्या परिणामात व्हेगस नाडीचा वाटा मोठा आहे, हे आता सर्वमान्य आहे. रेचकात हृदयगती किंचित मंदावते ती याच नाडीमुळे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू करून यौगिक क्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. श्रद्धा ठेवावी आणि मापनही करावे, ही त्यांची रीत आपणही अनुसरावी.

मापनाचे एक उदाहरण देतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना आणि बौद्ध मंत्र यांच्या पठणाने श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ पर्यंत येते आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या लयींत सुसंगती वाढते, असे त्यांना आढळले. मंत्र कोणता यापेक्षा श्वासाची लय महत्त्वाची ठरली. आपल्या रुग्णाला हरिपाठ किंवा नमाजातील पठण ज्याचे त्याचे जवळचे असेल, तर त्याच लयीचा आधार घेण्यास हरकत नाही.

अनाहताच्या नावाखाली एक धोका मात्र आम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे. एका कोळीवाड्यातील पन्नाशीच्या भगिनींना छातीत दडपण, थोडे चालल्यावर दम आणि डाव्या जबड्यात कळ अशी लक्षणे होती. एका शिबिरात त्यांना 'अनाहत बंद आहे' असे सांगण्यात आले व त्या तीन आठवडे ध्यान करीत राहिल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा हृदयालेखात हृदयास रक्त कमी पडत असल्याच्या खुणा होत्या. त्यांना त्याच दिवशी पुढे पाठविले व त्या वाचल्या. तीन आठवडे हा काळ लहान नव्हे.

अभ्यासक्रम : आम्ही अनुसरतो तो क्रम

पूर्वतयारी. प्रथम हृद्रोग, श्वास, पांडू आणि अवटु ग्रंथीचे विकार यांचा विचार करून आवश्यक त्या तपासण्या कराव्यात. नंतर रुग्णास एकांतात निदान वीस मिनिटे बोलू द्यावे. 'रडू येतं का?' हा प्रश्न मूत्र-पुरीषाच्या प्रश्नाइतक्याच सहजतेने विचारावा.

पहिला टप्पा, सुमारे दोन आठवडे. खुर्चीवर किंवा भिंतीला टेकून बसावे, डोळे अर्धवट उघडे असावेत. तीन अंक मोजेपर्यंत पूरक, पाच अंक मोजेपर्यंत रेचक. कुंभक नाही. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे पुरेत. लक्ष तळपायांच्या स्पर्शाकडे किंवा नाकपुडीशी ठेवावे. छातीकडे नेऊ नये. रडू आले तर मोजणे सोडून द्यावे, रडणे होऊ द्यावे आणि त्यानंतरचा श्वास आपल्या गतीने निवू द्यावा.

दुसरा टप्पा. वरील अभ्यास सुखाने होऊ लागल्यावर पूरक चार व रेचक सहा अंकांपर्यंत न्यावा. एक अंक म्हणजे एक सेकंद धरल्यास मिनिटास सहा श्वास होतात. नंतर भ्रामरीची पाच ते सात आवर्तने करावीत. ज्यांचा कंठ दाटलेला असतो त्यांना भ्रामरी विशेष मानवते, असा आमचा अनुभव आहे. आवाज काढण्याची ती पहिली संधी असते.

तिसरा टप्पा, सुमारे एक महिन्यानंतर. कुंभकविरहित नाडीशोधन, आणि त्यानंतर पाच ते दहा मिनिटे हृदयप्रदेशी ध्यान. हृदय हे मनाचे अधिष्ठान, हा आयुर्वेदाचा स्वतःचा सिद्धांत असल्याने त्यासाठी वेगळ्या आधाराची गरज नाही. ध्यानात दुःख 'विरघळविण्याचा' आग्रह नसावा. जे जाणवेल त्याला नाव द्यावे, म्हणजे भीती, राग, लाज, आठवण. आणि पुन्हा श्वासावर यावे. धारणीय वेगाचे धारण ते हेच. भावना ओळखली जाते, परंतु तिच्या मागे धावले जात नाही. हा सत्त्वावजयाचाच प्रकार होय.

निषेध. उच्च रक्तदाब, हृद्रोग, गर्भावस्था, अपस्मार आणि उन्मादाचा पूर्वेतिहास असताना कुंभक, भस्त्रिका व कपालभाती देऊ नये. शोकाच्या पहिल्या काही आठवड्यांत ते कोणासही देऊ नये, असे आमचे मत आहे. प्राण हा सिंह, हत्ती, व्याघ्र यांप्रमाणे हळूहळू वश करावा, आणि अयुक्त अभ्यासाने हिक्का, श्वास, कास व शिर-कर्ण-नेत्र यांच्या वेदना उत्पन्न होतात, असा इशारा हठप्रदीपिकेनेच दिलेला आहे.

सहायक उपचारांत रात्री पादाभ्यंग आम्ही आवर्जून सांगतो. तो घरातील माणसाने करावा. कोमट खोबरेल किंवा तिळतेल पुरते. त्या दहा मिनिटांत प्रिय कथा आपोआप घडते.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठी

झोपेसाठी सर्पगंधा मागणारे ग्राहक नेहमीचे आहेत. डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अनुभव प्रसिद्ध केल्यावर ही वनस्पती जगाला परिचित झाली. पण तिच्यातील रिसर्पिनमुळे मनाची खिन्नता वाढू शकते, हेही पुढे लक्षात आले. शोकग्रस्त ग्राहकास सर्पगंधायुक्त गोळ्या वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नयेत. आसव-अरिष्टांत मद्यांश असतो. झोपेच्या गोळ्या किंवा मनोविकाराची आधुनिक औषधे चालू असणाऱ्यास, तसेच मद्य सोडलेल्यास ती देण्यापूर्वी विचारणा करावी. 'आता ब्राह्मी सुरू केली, त्या गोळ्या बंद करू का?' या प्रश्नास आपले उत्तर एकच असावे : ज्यांनी त्या दिल्या त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

एक प्रश्न आपण टाळतो

ज्याचे पीक, नाव किंवा माणूस गेले आहे, जो जेवत-झोपत नाही, ज्याला भविष्य दिसत नाही, त्याला स्पष्ट विचारावे : 'जीव द्यावासा वाटतो का?' असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. होय असे उत्तर आल्यास प्राणायाम शिकवीत बसू नये. रुग्णास एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशक नातलगांकरवी हलवावे आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. हा क्रमांक चिकित्सालयाच्या व औषधालयाच्या दर्शनी भागी मराठीत लावावा, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.

समारोप

प्राणायाम हे भावनांना दाबण्याचे साधन नव्हे. शरीराच्या वेगांना वाट आणि मनाच्या वेगांना आवर, या चरकोक्त विवेकात त्याला बसविले तरच तो औषध ठरतो. आमच्या त्या रुग्णाला पहिल्या भेटीत आम्ही एकच प्रश्न विचारला असता, तर त्याचे आठ दिवस वाचले असते. तो प्रश्न आता आमच्या रुग्णपत्रिकेत निद्रेच्या खालच्या ओळीत छापलेला आहे : 'रडू येते का?'

इत्यलम्.